गटागटाने ठरणारं काम

पाणलोटाचा आराखडा करायचा म्हटलं की आधी कागद गोळा करावे लागतात. सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा, तलाठ्याकडचा गाव नकाशा, सातबारा, आठ-अ, पावसाच्या जुन्या नोंदी, विहिरींची पाणीपातळी. पहिल्या नकाशात चढउतार दिसतो, पण जमीन कुणाची ते कळत नाही. गाव नकाशात गटांच्या हद्दी असतात, उतार नसतो. दोन्ही जुळवून पाणलोटाची हद्द आखतात आणि कामाची व्याप्ती तिथेच ठरते. पाणी काही गावाची शीव पाळत नाही. शेजारच्या गावाचे काही गट आत येतात, आपले काही बाहेर राहतात. बाहेर राहिलेले पहिल्याच बैठकीत विचारतात, "मग आमचं काय?" त्यांना तिथेच स्पष्ट सांगावं, असं माझं ठाम मत आहे. "बघू पुढं" म्हणून वेळ मारून नेली, की तोच शब्द वर्षभराने तक्रार होऊन परत येतो.

कागदांबरोबर गावाची तयारीही लागते. जालना तालुक्यातल्या कडवंचीचं नाव आज द्राक्षं आणि शेततळ्यांसाठी घेतलं जातं. तिथलं पाणलोटाचं काम 1990 च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून उभं राहिलं. पैसा जर्मनीचा, तो आला नाबार्डमार्फत. गावात काम केलं खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने, विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकाराने. या कार्यक्रमात निधीच्या आधी गावाची तयारी तपासली जाई: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान. शेळ्या-मेंढ्यांवर घर चालवणाऱ्याला चराईबंदी जड जाते. ते दुखणं आराखड्यात आलं नाही, तर डोंगरावर लावलेलं रोप टिकत नाही.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती गटवार पाहणी. तंत्रज्ञ, पाणलोट समितीचा एखादा सदस्य आणि त्या गटाचे मालक नवरा-बायको, असे मिळून शेत पायाखाली घालतात. अशा फेऱ्यांत मी हिंडलो आहे. हातात हायड्रोमार्कर असतो: खुणा केलेल्या दोन पट्ट्या आणि त्यांना जोडणारी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. नळीत एक बुडबुडा राहिला तरी माप चुकतं, म्हणून टिचक्या मारून हवा आधी काढायची. पट्ट्या दहा मीटर अंतरावर उभ्या केल्या आणि पाण्याच्या पातळीत वीस सेंटिमीटरचा फरक दिसला, की उतार दोन टक्के. मग कुदळीने खड्डा घेऊन मुरूम किती खोलीवर लागतो ते बघतात. उतार, मातीची खोली, पोत, धूप, सध्याचं पीक असं सगळं त्या गटाच्या तक्त्यात उतरतं.

पण तक्ता भरतो तो बोलण्यातून. "बांधात माझे दोन तास जातील," म्हणजे नांगराच्या दोन ओळी, असं मालक म्हणतो. त्याचं खोटं नसतं, कमी जमिनीवाल्याला तेवढंही परवडत नाही. बाई म्हणतात, "तिकडून नका घेऊ, बैलगाडीची वाट हाय. आन् वरच्या अंगाला गवत राहू द्या." मोठ्या पावसात पाणी कुठून फुटतं, तेही बहुतेक वेळा त्याच बोट दाखवून सांगतात. आखणी थोडी सरकते. दोघांच्या सह्या होतात. अशा तक्त्यांची बेरीज म्हणजे गावाचं अंदाजपत्रक.

क्रम ठरलेला असतो, माथा ते पायथा. आधी माथ्यावर सलग समतल चर, मग शेतातली बांधबंदिस्ती, नाल्यावरचे बंधारे शेवटी. लोकांना बंधारा आधी हवा असतो, कारण पाणी तिथे डोळ्यांना दिसतं. पण वरची माती अडवलेली नसेल तर बंधारा गाळाने भरतो.

पाण्याचा हिशेबही आराखड्यातच मांडावा लागतो. एका हेक्टरवर दहा मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लाख लिटर. त्यातलं वाहून किती जातं, मुरतं किती, आणि मोसंबी, द्राक्ष, कापूस मिळून मागतात किती? हवामान बदलाला तोंड देणाऱ्या शेतीसाठीच्या पोकरा प्रकल्पाने गावाचा पाण्याचा ताळेबंद नियोजनात आणला, ही फार चांगली गोष्ट झाली. मागणीची बाजू सोडून दिली, तर अडवलेलं पाणी नव्या बोअरमधून उपसलं जातं.

अजूनही कुठे कुठे बंधारे किती आणि खर्च किती हे वरून ठरून येतं, आणि त्या आकड्यात बसतील असे गट नंतर शोधले जातात. असा आराखडा ग्रामसभेपुढे आला, तर गावाने आधी आपापल्या गटाचा तक्ता मागावा, आणि त्यावर घरच्या बाईचीही सही आहे का ते बघावं.