गिरणी बंद पडल्यावर

व्हिएन्नाच्या आग्नेयेला, रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासावर, मारिएनथाल ही गिरणी कामगारांची वस्ती होती. सूतकताई, विणकाम, छपाई अशी सगळी खाती एकाच मालकाची होती. १९२९ च्या उन्हाळ्यापासून एकेक खाते बंद पडू लागले आणि १९३० च्या सुरुवातीला मागही थांबले. गावात पावणेपाचशेच्या वर कुटुंबे होती. त्यांतल्या साधारण तीन-चतुर्थांश घरांत नोकरीवर जाणारे कोणी उरले नाही. आसपासही मंदीच होती. १९८२ च्या संपानंतरचे गिरणगाव पाहिलेल्यांना हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको.

१९३१ च्या अखेरीस मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल हे तरुण संशोधक सहकाऱ्यांसह या गावात आले. नुसती टिपणे घ्यायला कोणी जायचे नाही, गावाच्या उपयोगी पडेल असे काहीतरी करायचे, असा त्यांनी दंडक घातला होता. त्यांनी जुने कपडे गोळा करून वाटले, मोफत दवाखाना चालवला, शिवणकामाचा वर्ग काढला. त्यामुळे घरांची दारे उघडली आणि माणसे मोकळेपणाने बोलू लागली.

बेकारांच्या हाताशी वेळच वेळ असतो, तेव्हा ते वाचतील, सभांना जातील, राजकारणात उतरतील, असे पुष्कळांना वाटे. प्रत्यक्षात दोन वर्षांत वाचनालयातून जाणारी पुस्तके जवळपास निम्म्यावर आली. एक संशोधक घड्याळ हातात घेऊन खिडकीशी उभा राहिला आणि रस्त्यावरच्या माणसांची चाल मोजू लागला. बहुतेक पुरुष थोड्याशा अंतरात दोन-तीनदा थांबत. न थांबता शेवटपर्यंत जाणारा दहांत एखादाच. बायका मात्र भरभर जात, कारण त्यांचे घरकाम संपलेले नव्हते. शंभरांतले अठ्ठ्याऐंशी पुरुष घड्याळाशिवाय हिंडत. दिवसभर काय केले ते तासातासाने लिहायला सांगितले, तर उठणे, जेवणे आणि झोपणे यांपलीकडे त्यांना फारसे काही आठवेना.

आळशीपणाचा शिक्का मारणाऱ्यांनी त्या गावातल्या एका कामगाराची हकिगत वाचावी. नोकरीसाठी त्याने १३० अर्ज पाठवले. एकाचेही उत्तर आले नाही. पुढे तो अर्धा दिवस अंथरुणातच काढू लागला, कारण उशिरा उठले की न्याहारी वाचे आणि सरपणही वाचे. असा माणूस अर्ज करायचे थांबवतो तेव्हा उणीव त्याच्या इच्छेत शोधायची की बाजारात? माझ्या मते बाजारात.

बेकारी भत्त्याचे नियम त्याहून जाचक होते. कसलीही कमाई केली की भत्ता बंद. झाडे तोडायला मदत करून बदल्यात सरपण घेतले म्हणून एकाचा भत्ता गेला. बाईने दूध पोहोचवून पोरांसाठी थोडे दूध आणले, तिचाही गेला. मेहनतीची सवय टिकवू पाहणाऱ्यालाच शिक्षा!

याहोदा यांनी पुढची कित्येक वर्षे हाच विषय धरून ठेवला. नोकरी पगार देतेच, शिवाय ती दिवसाला आकार देते, घराबाहेरची माणसे जोडून देते, आपण कुणाच्या तरी उपयोगी आहोत ही जाणीव देते, समाजात ओळख देते आणि हातपाय हलते ठेवते, अशी त्यांची मांडणी होती. नोकरी गेल्यावर भत्त्याने पगाराची जागा थोडीफार भरते, बाकीच्यांची भरत नाही.

मारिएनथाल ज्या गावात मोडते त्या ग्रामाटनॉयझीडलमध्ये ऑक्टोबर २०२० मध्ये, कोविडने नोकऱ्यांचा घास घेतला असताना, नवा प्रयोग सुरू झाला. लोअर ऑस्ट्रिया प्रांताच्या रोजगार सेवेने गावातल्या दीर्घकाळ बेकार असलेल्या प्रत्येकाला कामाची हमी दिली. आधी काही आठवडे तयारी आणि समुपदेशन, मग नोकरी. खासगी मालकाने कामावर घेतले तर सुरुवातीच्या महिन्यांचा पगार सरकार देई. तसे कोणी मिळाले नाही तर सुतारकाम, बागकाम, डागडुजी अशी कामे गावातच उभी केली जात. मजुरी करारानुसार पूर्ण, आणि सहभाग ऐच्छिक.

मागेल त्याला काम ही कल्पना महाराष्ट्राला जुनी आहे. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आणि १९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवातून आपल्या रोजगार हमीचा कायदा झाला, तो १९७९ मध्ये लागू झाला. शहरी पगारदारांच्या व्यवसाय करातून खेड्यातल्या मजुराला काम मिळे. मात्र ते मुख्यतः खडी, माती आणि बंधाऱ्यांचे अंगमेहनतीचे काम होते. ऑस्ट्रियातल्या प्रयोगात पाठदुखीचा पन्नाशीतला माणूस काय करू शकेल, इथून सुरुवात होई. हा फरक मोलाचा आहे.

मॅक्सिमिलियन कासी आणि लुकास लेनर या अर्थतज्ज्ञांनी प्रयोग पारखला. त्यासाठी सहभागींचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले होते. एक आधी रुजू झाला, दुसरा काही महिन्यांनी. आधी रुजू झालेल्यांची आर्थिक घडी सावरली, दिवसाला वेळापत्रक आले, माणसांत ऊठबस वाढली. शरीराच्या तब्येतीत मात्र फरक दिसला नाही. वर्षानुवर्षांची दुखणी काही महिन्यांत बरी होत नाहीत. गावातली दीर्घकालीन बेकारी जवळजवळ संपली. सहभागींमध्ये पन्नाशी ओलांडलेले, एरवी कोणताही मालक अर्जावर नजरही टाकणार नाही असे बरेच जण होते. २०२४ मध्ये प्रयोगाची मुदत संपली आणि तो थांबला. तो पुढे चालवायला हवा होता.