भायखळा ते शीव : वैद्यांनी पाहावी अशी तीन उद्याने

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात, वनात राहणारे मेंढपाळ व गुराखी वनस्पतींना नावाने व रूपाने ओळखतात, असा उल्लेख आहे. आज वनस्पती आपल्यापर्यंत पोहोचते ती पोत्यातून, सुकलेली, तुकडे केलेली किंवा भरड स्वरूपात. तिचे नाव आपल्याला पाठ असते. रूप मात्र दृष्टीआड झालेले असते. हे रूप पुन्हा डोळ्यांसमोर आणण्यासाठी सह्याद्रीतच जावे लागते असे नाही. मध्य रेल्वेच्या भायखळा, माटुंगा आणि शीव या स्थानकांच्या परिसरातील तीन सार्वजनिक उद्याने एका रविवारी सहज पाहून होतात.

पहिले अर्थातच भायखळ्याचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, म्हणजे सर्वांची राणीची बाग. १८६२ साली खुली झालेली ही बाग सुमारे ५० एकरांवर पसरली आहे. प्राण्यांच्या पिंजऱ्यांपुढे गर्दी लोटते. वृक्षांपुढे फारसे कोणी थांबत नाही. वैद्यांनी मात्र येथे सीताशोक अवश्य शोधावा. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये त्याच्या फांद्यांवर केशरी फुलांचे गुच्छ येतात आणि पुढे ते लाल होतात. पान संयुक्त, समोरासमोर पर्णिकांच्या जोड्या असलेले. कोवळी पालवी तांबूस व खाली लोंबणारी. फळ म्हणजे चपटी शेंग. हाच आपल्या अशोकारिष्टातील अशोक.

आता बागेबाहेर पडून कोणत्याही इमारतीच्या कुंपणापाशी उभा असलेला उंच, निमुळता 'अशोक' पाहावा. तो आसुपालव. त्याचे पान साधे, लांबट, लहरी कडांचे. फुले हिरवट पिवळी. फळे झुबक्याने येणारी, अंडाकृती. दोन्ही वृक्ष शेजारी उभे असतील तर सामान्य माणसाचीही गफलत होणार नाही. पण साल सोलून, वाळवून, कुटून बाजारात आली की हा भेद डोळ्यांना दिसत नाही. अशोकाच्या सालीऐवजी आसुपालवाची साल विकली जाणे हा बाजारातील परिचित प्रकार आहे. रक्तप्रदराच्या रुग्णेला आपण विश्वासाने औषध देतो. गुण आला नाही तर ठपका येतो तो वैद्यावर आणि शास्त्रावर.

हे लिहिताना आम्हांला स्वतःची उणीव झाकता येणार नाही. अशोकारिष्ट लिहून देण्यात आमची अनेक वर्षे गेली, तरी बहरलेला सीताशोक आम्ही प्रथम पाहिला तो याच बागेत, आणि तोही उतारवयात. त्यानंतर घरी येऊन साठ्यातील सालीचे पोते उघडले, तेव्हा आजवर आपण केवळ पावतीवरील नावावर विसंबत होतो, हे ध्यानात आले.

याच आवारात डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ साली खुल्या झालेल्या या संग्रहालयाला १९७५ साली भाऊ दाजींचे नाव देण्यात आले. पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या या धन्वंतरीने प्राचीन संस्कृत वैद्यकग्रंथांतील औषधांचा शोध घेतला, हे आपल्या व्यवसायाने विसरू नये. बागेतील गोरखचिंच आणि कैलासपती पाहताना एक सावधगिरी बाळगावी. पहिला वृक्ष मूळचा आफ्रिकेतील, दुसरा दक्षिण अमेरिकेतील. फुलाचा आकार शिवलिंगासारखा आहे म्हणून ते संहितोक्त द्रव्य ठरत नाही.

दुसरा मुक्काम दादर-माटुंग्याच्या पारशी वसाहतीतील पाच उद्यानांचा. मंचरजी जोशी यांचे नाव या उद्यानांशी जोडलेले आहे. येथे रस्त्यांच्या दुतर्फा जुनी झाडे असल्याने सालीचा पोत, पानांची मांडणी आणि खाली पडलेली फळे हातात घेऊन पाहण्याची सवय लागते. नव्या पदवीधरांना सोबत न्यावे व प्रत्येकाकडून पाच झाडांची नोंद करून घ्यावी.

तिसरे स्थळ शीव-वांद्रे जोडरस्त्यावरील महाराष्ट्र निसर्ग उद्यान. मिठी नदीच्या काठची ही ३७ एकर भूमी पूर्वी शहराच्या कचऱ्याची जागा होती. १९९४ साली ती उद्यान म्हणून खुली झाली. कचऱ्यावर जर वन उभे राहते, तर आपल्या फार्मसीच्या अंगणात दोन सीताशोक का उभे राहू नयेत? हा वृक्ष आंतरराष्ट्रीय लाल यादीत 'असुरक्षित' गटात नोंदलेला आहे. मागणी आपली, तेव्हा लागवडीचे ऋणही आपलेच.

फार्मसी-मालकांना आमची विनंती अशी, की कच्चा माल घेताना भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियातील निकषांनुसार सूक्ष्मदर्शकीय परीक्षण करून घ्यावे. औषधनिर्मितीचे 'टी' परिशिष्ट २००० सालापासून लागू आहे. पण परवान्यासाठी केलेली चाचणी आणि खात्रीसाठी केलेली चाचणी यांत अंतर असते. ते अंतर मिटवण्याची इच्छा जिवंत वृक्षापुढे उभे राहिल्यावरच निर्माण होते, असा आमचा अनुभव आहे.

जाताना वही व भिंग न्यावे. साल, पाने वा फुले तोडू नयेत. राणीची बाग बुधवारी बंद असते. वसंतात एखाद्या रविवारी सकाळी निघावे, आणि परतल्यावर सर्वप्रथम आपल्या साठ्यातील अशोकाच्या सालीचे पोते उघडावे.