तिरोडीचं मँगनीज, कटंगीच्या गिरण्या आणि शिकाऊ पोरं

मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातल्या कटंगीहून रुळाने नैऋत्येकडे निघालं की पंधराएक किलोमीटरवर तिरोडी लागतं. पुढे बावनथडी ओलांडली की महाराष्ट्र, आणि त्याच मार्गाने खाली तुमसर. या पट्ट्यात माणसं घरात पोवारी किंवा मराठी बोलतात, कचेरीत हिंदी, आणि खाणीवर तिन्ही. तिरोडीचा दगड जगाला ठाऊक आहे. 1938 मध्ये डन आणि रॉय या भूवैज्ञानिकांनी इथल्या एका खनिजाला तिरोडाइट असं नाव दिलं. त्याच्या कितीतरी आधी, 1896 पासून, सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट नावाची ब्रिटिश कंपनी या मुलखात मँगनीज शोधत होती. पुढे तिचीच सीपीएमओ (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओर कंपनी) झाली, आणि 1962 मध्ये भारत सरकार व दोन्ही राज्यांच्या भागीदारीत मॉयल (मँगनीज ओर इंडिया लिमिटेड) उभी राहिली. 1977 मध्ये ती पूर्ण सरकारी मालकीची झाली. कार्यालय नागपुरात, खाणी बालाघाट, भंडारा आणि नागपूर या तीन जिल्ह्यांत. देशातल्या मँगनीजचा जवळजवळ निम्मा वाटा तिच्याकडून येतो. 2023-24 मध्ये तिने साडेसतरा लाख टनांच्या आसपास माल काढला.

एवढ्या जुन्या उद्योगाचं खरं भांडवल कुठे असतं? यंत्रं विकत मिळतात, डंपर भाड्याने मिळतात. इथल्या जमिनीची ओळख असलेला माणूस मात्र कुठल्याच बाजारात तयार मिळत नाही. तो इथेच, कामावरच घडवावा लागतो. शिकाऊ उमेदवार ठेवणं म्हणजे गरीब पोरांवर उपकार, किंवा सरकारने गळ्यात मारलेलं लोढणं, असा समज आपल्याकडे पक्का बसला आहे. माझ्या मते तो मुळातूनच चुकीचा आहे. शिकाऊ ठेवण्यात पहिला फायदा मालकाचा असतो, आणि कटंगीसारख्या तालुक्याच्या गावात तर तो अधिकच असतो.

मँगनीजचंच पाहा. चांगलं धातुक पाण्याच्या चौपट-साडेचौपट जड भरतं, तर त्याला चिकटून येणारी गारगोटी जेमतेम अडीच-पावणेतीन पट. काळा रंग दोन्हीवर बसलेला असतो, डोळा फसतो. हात फसत नाही. पूर्वी खाणीच्या तोंडाशी बसून दगड निवडणाऱ्या बाया हातात घेताक्षणी वजनावरून ठरवत, कुठला ढिगावर टाकायचा आणि कुठला फेकायचा. आज हेच काम पाण्यातलं जिग यंत्र घनतेच्या फरकावर करतं. पण जिगला कधी काय खायला घालायचं, त्याचा ठोका केव्हा बदलायचा, हे ठरवणाऱ्याला तो दगड हाताने ओळखता आलाच पाहिजे.

तिरोडी आणि सीतापटोर इथल्या खाणी उघड्या आहेत. भरवेली आणि उकवा भूमिगत. भरवेलीची खाण ही आशियातली सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण म्हणून ओळखली जाते. तिथे धातुक काढून झालं की रिकाम्या पोकळीत पाण्याबरोबर वाळू भरतात, आणि त्या वाळूवर उभं राहून वरचा थर काढतात. म्हणजे कामगाराचं छत रोज नवं असतं. सुरुंग उडाल्यावर धूर निघून गेला की सर्वांत आधी आत जातो तो मेट. त्याच्या हातात सब्बल. तो छतावर टोकाने ठोकतो आणि ऐकतो. खणखणीत आवाज आला तर दगड अंगच्या थराला धरून आहे. चिरलेल्या मडक्यासारखा बद्द आवाज आला तर तो सुटलेला आहे, कधीही खाली येईल. मग मेट बाजूला, सुरक्षित छताखाली उभा राहतो आणि तो दगड सब्बलीने पाडतो. हात वर, नजर वर, पाय मात्र मागे सरकायला मोकळे. हे सगळं पुस्तकात एका परिच्छेदात मावतं. पण बद्द आणि खणखणीत यांच्या मधले जे दहा आवाज असतात, ते जुन्या मेटाच्या शेजारी उभं राहूनच कानात बसतात.

म्हणून खाणीत शिक्षण ही कधीच ऐच्छिक बाब नव्हती. 1966 च्या खाण व्यावसायिक प्रशिक्षण नियमांनी नव्या माणसाला आधी प्रशिक्षण केंद्रात आणि मग देखरेखीखाली कामावर शिकवल्याशिवाय एकट्याने कामाला लावायचं नाही, अशी शिस्त घातली. जुन्यांनाही ठरावीक काळाने उजळणी आलीच. मेट, ब्लास्टर, फोरमन या पायऱ्या चढायच्या तर खाणीतल्या कामाचा अनुभव दाखवून खाण सुरक्षा महासंचालनालयाची परीक्षा द्यावी लागते. नुसतं वर्गात बसून हे प्रमाणपत्र मिळत नाही. भूमिगत खाणीचं दार बायांना मात्र फार काळ बंद होतं. 2019 च्या अधिसूचनेने तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांसाठी ते उघडलं. ज्या बायांच्या हातांनी मँगनीज पारखलं गेलं, त्यांच्या नातींना आता खाली उतरून मोजमाप करता येईल. त्यासाठी त्यांना शिकाऊ म्हणून आत घेणारं कुणी हवं.

याच्या जोडीला 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, डिझेल मेकॅनिक अशा ट्रेडचं आयटीआय झालेला मुलगा ठरावीक मुदतीच्या कराराने कारखान्यात येतो, विद्यावेतन घेतो, काम शिकतो, आणि शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवतो. 2014 मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली; मालकाला तुरुंगाची भीती गेली, नवे ट्रेड जोडण्याची मोकळीक आली. 2019 च्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ घेणं बंधनकारक आहे, एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के, आणि त्या मोजणीत कंत्राटी माणसंही धरायची. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेने घ्यायचं की नाही, हे तिच्या मर्जीवर. माझ्या दृष्टीने कटंगीसाठी या कायद्यातली सर्वांत मोलाची ओळ हीच. कारण इथले बहुतेक मालक याच गटात बसतात.

मालकांची तक्रार जुनी आहे: आपण शिकवायचं आणि पोरगं नागपूरला, नाहीतर भिलाईला पळणार. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने 1964 मध्ये हेच शास्त्रशुद्ध मांडलं. जे कसब कुठेही चालतं त्याचा खर्च मालक करणार नाही, कारण फायदा दुसराच उचलेल. पण प्रत्यक्षात जर्मनीतल्या कंपन्या शिकाऊंवर स्वतःचा पैसा ओतत होत्या. 1990 च्या दशकात अ‍ॅसेमोग्लू आणि पिश्के यांनी त्याचं एक कारण दाखवलं. ज्याने शिकवलं त्यालाच ठाऊक असतं की कुणाचा हात बसला आहे आणि कुणाचा नाही. बाहेरचा मालक प्रमाणपत्र पाहतो. शिकवणाऱ्याने माणूस पाहिलेला असतो. निवड करण्याचा हा हक्क वर्षभराच्या विद्यावेतनात मिळतो, आणि तो स्वस्तच म्हणायचा. शिवाय ज्याचं घर, शेती, म्हातारे आईबाप कटंगीत आहेत, तो जरा बरं काम मिळालं तर गाव सोडायला राजी नसतो. मोठ्या शहरातल्या मालकाला न मिळणारी ही सोय आपल्याकडे आयती आहे.

आता भातगिरणीकडे येऊ. बालाघाट हा धानाचा जिल्हा. इथल्या चिन्नोर तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कटंगी-वारासिवनीच्या टापूत गिरणी हा सर्वांच्या ओळखीचा कारखाना आहे, आणि तिचा नफा एका यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या बोटांत असतो. ते यंत्र म्हणजे रबर रोलचा शेलर. दोन रबरी रोल एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात, एक जरा जास्त वेगाने. वेगातल्या त्या फरकाने दाण्याला पीळ बसतो आणि टरफल निघतं. फट जास्त ठेवली तर साळ तशीच निघून पुन्हा फेरीला येते, वीज वाया. फट कमी झाली तर दाणा तुटतो, रबर तापतं, तांदळावर काळे डाग. त्यात रोल रोज झिजतात, वेगाचा रोल जास्त झिजतो, म्हणून वेळ साधून त्यांची अदलाबदल करावी लागते. आणि धानाचा ओलावा रोज वेगळा. जाणता मिस्त्री दाणा दाताखाली धरतो. कट् असा तुटला तर चौदा टक्क्यांच्या आसपास, दबला तर अजून उन्हात पसरायचा.

सरकारी भरडाईत शंभर किलो धानामागे सदुसष्ट किलो तांदूळ द्यावा लागतो, आणि कणीची मर्यादा वर्षानुवर्षे पंचवीस टक्के राहिली आहे. मिस्त्रीचा हात चुकला तर ही मर्यादा ओलांडते, लॉट परत येतो, ट्रक पुन्हा उतरवायचा. एका परत आलेल्या लॉटचं नुकसान कितीतरी महिन्यांच्या विद्यावेतनाहून मोठं असतं. तरीही अनेक गिरण्यांत सगळा भार एकाच वयस्क मिस्त्रीवर टाकलेला दिसतो. तो ऐन हंगामात आजारी पडला की मालक फोनवर फोन करत दुसरा शोधतो, आणि मिळाला तर त्याचा भाव हंगामाचा असतो. त्याच मिस्त्रीच्या हाताखाली दोन वर्षं एक पोरगा रीतसर उभा असता तर?

हिशेब सरळ आहे. दहावी झालेल्या शिकाऊचं किमान विद्यावेतन 2019 च्या नियमांत महिना 6000 रुपये धरलं होतं. 2016 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार त्यातला चौथा हिस्सा, जास्तीत जास्त 1500 रुपये, उचलतं. त्या हिशेबाने मालकाच्या खिशातून जातात साडेचार हजार. पहिले काही महिने तो पोरगा मिस्त्रीचा वेळ खातो, हे खरं. पण पहिल्या हंगामाच्या मध्यावर तो रोल बदलू लागतो, पट्टे ताणू लागतो, मोटार गरम झाल्याचा वास त्याला आधी येतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. शिकाऊ म्हणून घ्यायचं, आणि वर्षभर पोती उचलायला, झाडू मारायला, चहा आणायला लावायचं, हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. हा त्या मुलावर अन्याय तर आहेच, शिवाय मालकाने स्वतःच्या पैशाची केलेली नासाडी आहे. कायदा शिकाऊला कामगार मानत नाही, प्रशिक्षणार्थी मानतो. म्हणून शिकवणं ही मालकाची जबाबदारी ठरते. ज्याला शिकवायचं नाही त्याने मजूर ठेवावा आणि मजुरी द्यावी.

शिकवण्याला प्राधान्य देणारे मालकही आपल्याकडे झाले आहेत. सुमंत मूळगावकरांनी टेल्कोचा पुण्याचा कारखाना उभारताना यंत्र-अवजारांचा आणि प्रशिक्षणाचा विभाग आधी उभा केला; तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या त्या 1977 मध्ये. त्या विभागातून शिकून निघालेल्यांपैकी अनेकांनी पिंपरी-चिंचवडला स्वतःची छोटी वर्कशॉपं काढली आणि मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवले. पळून गेलेला शिकाऊ पुढे पुरवठादार होऊन परत येतो, हे तिथे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. तिरोडीच्या खाणीवर शिकून, नोकरी न मिळाल्याने कटंगीच्या बाजारात मोटार-वाइंडिंगचं दुकान टाकणारा मुलगाही अशीच एक गरज भागवतो. मॉयलवर त्याला कायम करण्याचं बंधन नाही, आणि सगळ्यांना ती घेऊही शकणार नाही. पण त्याच्या हाताला लागलेली सवय, कुलूप लावल्याशिवाय स्विचबोर्डाला हात न लावण्याची, गिरणीच्या मालकाला फुकट मिळते.

छोट्या मालकाची खरी अडचण वेगळी आहे. गिरणी हंगामी, कार्तिकापासून चार-सहा महिने धडधडते, मग थंडावते. वर्षभर शिकाऊला शिकवायचं काय? याचं उत्तर कायद्यातच आहे. काही मालकांनी एकत्र येऊन, स्वतः किंवा मान्यता मिळालेल्या संस्थेमार्फत, शिकाऊंना मिळून प्रशिक्षण देण्याची त्यात मुभा आहे. दोन गिरण्या, एक मोटार-वाइंडिंगचं दुकान आणि एक ट्रॅक्टरचं वर्कशॉप यांनी मिळून ही वाट धरली, तर पोरगं हंगामात शेलरवर राहील, उन्हाळ्यात त्याच गिरणीची जळालेली मोटार वाइंड करायला शिकेल, आणि पेरणीआधी ट्रॅक्टरच्या पंपावर हात बसवेल. बालाघाटच्या आयटीआयशी बोलून ट्रेड ठरवायचा, नोंदणी करायची, करारावर सह्या करायच्या. धान बाजारात यायच्या आधी, भादव्यात, हे काम हाती घेतलं तर या हंगामातच मिस्त्रीच्या शेजारी एक पोरगा उभा राहू शकतो.