लेकरू पहिल्यांदा घराबाहेर राहायला निघतं तेव्हा

आज आपण जरा लांबच्या मुलखाची गोष्ट बोलणार आहोत. पण ती आईची आणि लेकराची आहे, म्हणून परकी वाटायची नाही.

अमेरिकेत शाळांना साधारण जून ते ऑगस्ट अशी मोठी सुट्टी असते. तेव्हा तिथली पुष्कळ मुलं राहण्याच्या शिबिराला जातात. रानात किंवा तळ्याकाठी साध्या खोल्या, एकेका खोलीत बरीच मुलं, आणि त्यांच्यासोबत झोपणारे तरुण ताई-दादा. कुणी दोन आठवडे राहतं, कुणी सात-आठ. ज्यू समाजाची अशी स्वतःची शिबिरं आहेत. न्यूयॉर्कच्या दाटीवाटीच्या वस्तीत राहणाऱ्या गरीब ज्यू मुलांना मोकळी हवा मिळावी, म्हणून १९०२ साली 'सरप्राइज लेक' शिबिर सुरू झालं. १९४७ साली विस्कॉन्सिन राज्यात 'रामा' नावाचं शिबिर निघालं. तिथे खेळाच्या जोडीला धर्माचं आणि हिब्रू भाषेचं शिक्षणही होतं.

ज्यू लोक कोण, हे रायगडच्या बायांना सांगायला नको. तेल गाळणारे, पण शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून कोकणात त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. ते बेने इस्राएल, घरात मराठीच बोलणारे. पुढे त्यांतले बहुतेक इस्रायलला गेले. शनिवारची ती सुट्टी म्हणजे शब्बाथ. शुक्रवारी सूर्य मावळताना सुरू होतो आणि शनिवारी रात्री तारे दिसले की संपतो. अमेरिकेतल्या शिबिरांतही शुक्रवारी संध्याकाळी मुलं आंघोळ करून, पुष्कळ ठिकाणी पांढरे कपडे घालून जमतात, मेणबत्त्या लागतात, गाणी होतात.

आईबाप एवढ्या लांब का पाठवतात? शाळेच्या वर्गात आपल्या धर्माचं एखादंच मूल असतं. शिबिरात मात्र सगळेच एक सण पाळतात, एक प्रार्थना म्हणतात. आपण वेगळे आहोत हे ओझं काही दिवस उतरतं.

आता तयारी कशी करतात ते पाहू.

पहिली तयारी मनाची. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ साली घरच्या आठवणीने व्याकूळ होण्याबद्दल डॉक्टरांसाठी एक अहवाल काढला. त्याचं सार असं: घराची आठवण येणं हा आजार नाही, जवळजवळ प्रत्येक मुलाला ती येते. मूल पाठवायचं की नाही, कुठे, किती दिवस, हे ठरवताना मुलालाही विचारावं. आधी मावशीकडे किंवा आजीकडे दोन-तीन रात्री एकट्याने राहण्याची सवय करावी. कॅलेंडरवर दिवस मोजून दाखवावेत.

आणि एक वचन अजिबात देऊ नये: 'करमलं नाही तर लगेच न्यायला येईन.' आपल्याला वाटतं, यानं धीर येईल. होतं उलटंच. मुलाला कळतं की आईलाच आपला भरवसा नाही. मग ते रुळायचा प्रयत्न करत नाही, वाट बघत बसतं. त्याऐवजी सांगावं, 'आठवण येईल. तेव्हा दादाशी बोल, पत्र लिही, खेळायला जा. तुला जमेल.' आईनेही 'तुझ्यावाचून माझं कसं होणार' असं त्याच्यासमोर म्हणू नये. ते ओझं लेकराच्या डोक्यावर जातं.

दुसरी तयारी रीतींची. सगळ्या ज्यू घरांत धर्म सारखा पाळत नाहीत. एखाद्या मुलाला जेवणाआधी भाकरीवर म्हणायचा आशीर्वाद येत नसतो. चारचौघांत लाज वाटू नये म्हणून आई आधी दोन-चार प्रार्थना शिकवते. पुष्कळ शिबिरांत जेवण 'कोशर' असतं, म्हणजे डुकराचं मांस नाही, आणि मांस व दूध एकत्र नाही. घरी तसं नसेल तर हेही समजावून ठेवावं लागतं. बाहेरचा खाऊ पाठवायचा की नाही, ते शिबिराला विचारावं.

तिसरी तयारी सामानाची. प्रत्येक कपड्यावर, चादरीवर, चपलेवर नाव. पावसाचा कोट, टोपी, बॅटरी, पोहण्याचे कपडे, शब्बाथसाठी एक चांगला जोड. पिशवी मुलानेच भरावी, आईने फक्त तपासावी. नाहीतर तिथे आपलीच वस्तू सापडत नाही. पुष्कळ शिबिरांत मोबाइल चालत नाही, म्हणून पत्ता लिहून तिकिटं लावलेली पाकिटं सोबत देतात.

चौथी तयारी तब्येतीची. डॉक्टरांचा तपासणी अर्ज, लसींची नोंद. औषधं मूळ डबीतच ठेवून शिबिराच्या नर्सकडे द्यायची, मुलाच्या पिशवीत नाही. गवतातून आलं की अंगावर गोचीड आहे का, ते बघायला शिकवायचं. मूल अजून अंथरूण ओलं करत असेल तर ते लपवू नये. तिथल्या ताईला आधी सांगितलं की ती गुपचूप चादर बदलते, चारचौघांत हसं होत नाही. मुलगी वयात येत असेल तर पाळी आली नसली तरी पॅड द्यावेत आणि सगळं समजावून सांगावं.

शेवटची आणि सर्वांत मोठी गोष्ट. कुणी नको तिथे हात लावला, किंवा 'घरी सांगू नकोस' म्हणालं, तर दुसऱ्या मोठ्या माणसाकडे जाऊन लगेच सांगायचं, आणि आई कधीही रागावणार नाही, हे मुलाला पक्कं माहीत हवं. मुलांसोबत राहणाऱ्यांना पारखून घेता का, त्यांना काय शिकवता, हे आईबापांनी शिबिराला विचारायला लाजू नये. घराच्या आठवणीने रडणारं मूल बहुधा रुळतं. पण भीतीने गप्प झालेल्या मुलाला घरी आणावंच लागतं. 'न्यायला येणार नाही' हे त्याच्यासाठी नाही. हा फरक आईनेच ओळखायचा.

मैत्रिणींनो, जून आला की आपल्याकडेही कितीतरी लेकरं आश्रमशाळेत, वसतिगृहात जातात. तिथला धर्म वेगळा, रानही वेगळं, पण पहिल्या रात्रीची उशी सारखीच ओली होते. येत्या बैठकीत यातल्या कोणत्या गोष्टी आपल्याला करता येतील, ते गटात बोला. पुढच्या वेळी भेटूच.