गोळी मिळेना, सराव होईना: अमेरिकेतल्या नेमबाजांना काडतुसांचा दुष्काळ का पडतो?

क्रिकेटच्या नेट्समध्ये एकच चेंडू शेकडो वेळा टाकता येतो. बॅडमिंटनचं शटलही काही रॅली टिकतं. पण नेमबाजीत प्रत्येक फटक्याला नवा 'चेंडू' लागतो. चाप ओढला की काडतूस संपलं. म्हणजे हा असा खेळ आहे, ज्यात सरावाचं मीटर टॅक्सीसारखं सतत चालू असतं.

आता विचार करा, या मीटरचा दर काही महिन्यांत तिप्पट झाला तर? आणि तिप्पट पैसे मोजायची तयारी असूनही दुकानात मालच नसेल तर?

अमेरिकेत २०२० आणि २०२१ मध्ये हेच झालं. तिथे नेमबाजी हा ऑलिम्पिकपुरता खेळ नाही. आपल्याकडे लोक रविवारी सकाळी टर्फवर क्रिकेट खेळायला जातात, तसे तिथे लाखो लोक शूटिंग रेंजवर जातात. जगात सर्वाधिक खासगी बंदुका असलेल्या या देशात गोळ्याच कशा संपल्या, हे समजून घेऊया.

२०२० मध्ये नेमकं काय घडलं?

एका वर्षात तीन गोष्टी एकत्र आल्या. मार्चमध्ये कोरोनाचं लॉकडाऊन लागलं. मे महिन्यात जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर देशभर आंदोलनं सुरू झाली. आणि नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. अनिश्चितता वाढली, की अमेरिकेत बंदुकांची विक्री वाढते.

परवानाधारक दुकानातून बंदूक घेताना ग्राहकाची पार्श्वभूमी तपासली जाते. एफबीआयच्या यंत्रणेतून होणाऱ्या अशा तपासण्या २०१९ मध्ये सुमारे २ कोटी ८४ लाख होत्या. २०२० मध्ये त्या सुमारे ३ कोटी ९७ लाखांवर गेल्या. प्रत्येक तपासणी म्हणजे एक विक्री असा हिशोब नसतो, पण कल कुठे होता हे यातून कळतं. बंदूक उद्योगाची संघटना असलेल्या नॅशनल शूटिंग स्पोर्ट्स फाउंडेशनचा अंदाज असा, की त्या वर्षी ८४ लाख लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक विकत घेतली.

आता साधं गणित करा. या नव्या मंडळींनी प्रत्येकी ५० गोळ्यांचे फक्त दोन खोके घेतले, तरी ८४ कोटी गोळ्या जास्तीच्या लागतात. त्यात जुन्या ग्राहकांची मागणी वेगळीच.

परिणाम दुकानात दिसला. खूप वापरली जाणारी ९ एमएमची साधी गोळी आधी २० सेंटच्या आसपास मिळायची. टंचाईच्या शिखरावर तीच ६० ते ८० सेंटला विकली जात होती. अनेक दुकानांनी 'एका ग्राहकाला एकच खोका' अशा पाट्या लावल्या.

मागणी वाढली, तर उत्पादन का वाढवलं नाही?

इथे काडतूस बनतं कसं, ते पाहावं लागेल. त्यात चार भाग असतात. पितळेची पुंगळी, तिच्या तोंडाशी बसवलेली शिशाची गोळी, आत भरलेली दारू आणि बुडाशी असलेला छोटासा प्रायमर. चाप ओढल्यावर बंदुकीतली पिन प्रायमरवर आदळते, ठिणगी पडते, दारू पेटते आणि गोळी सुटते.

हा प्रायमर दिसायला शर्टच्या बटणाहून लहान. पण सगळं घोडं तिथेच अडतं. त्यातलं रसायन नुसत्या धक्क्याने पेटतं, त्यामुळे ते बनवायला खास कारखाना, कडक सुरक्षा आणि अनुभवी कामगार लागतात. २०२० मध्ये अमेरिकेत प्रायमर मोठ्या प्रमाणावर बनवणारी नावं मोजून चार होती: फेडरल, सीसीआय, रेमिंग्टन आणि विंचेस्टर.

त्यातही रेमिंग्टनची गोष्ट अजब आहे. गोळ्यांना सोन्याचा भाव आला होता, नेमक्या त्याच काळात, म्हणजे जुलै २०२० मध्ये ही कंपनी दिवाळखोरीत गेली. तिचा अर्कान्सामधला काडतुसांचा कारखाना 'व्हिस्टा आउटडोअर' या कंपनीने ८ कोटी १४ लाख डॉलरला घेतला. फेडरल आणि सीसीआय आधीपासून व्हिस्टाकडेच होत्या. म्हणजे चारपैकी तीन नावं एकाच छताखाली आली. २०२४ मध्ये व्हिस्टाने हा सगळा काडतूस व्यवसाय चेक प्रजासत्ताकातल्या 'चेकोस्लोव्हाक ग्रुप'ला विकला.

मग नवा कारखाना का नाही उभारायचा?

कारण कंपन्यांना माहीत असतं, की ही मागणी भीतीची आहे. आणि भीती ओसरते.

डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूक शाळेत गोळीबार झाला. २० मुलं आणि ६ प्रौढ मारले गेले. त्यानंतर बंदुकांवर कडक कायदे येणार, या धास्तीने लोकांनी दुकानं रिकामी केली. लहान मुलांना शिकवण्यासाठी वापरली जाणारी पॉइंट टू-टूची स्वस्त गोळीसुद्धा पुढे बराच काळ सहज मिळत नव्हती. कायदे फारसे बदलले नाहीत. २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प निवडून आले, बंदीची भीती गेली आणि विक्री घसरली. २०१८ मध्ये रेमिंग्टनने पहिल्यांदा दिवाळखोरी जाहीर केली, त्यामागे वाढलेल्या कर्जाबरोबर ही मंदीही होती.

नवा कारखाना उभा राहायला काही वर्षं लागतात. तोवर लाट ओसरली तर कर्ज कोण फेडणार? म्हणून कंपन्या आहे त्याच यंत्रांवर पाळ्या वाढवतात, ऑर्डरी साठू देतात. २०२० च्या अखेरीस एकट्या व्हिस्टाकडे १ अब्ज डॉलरहून जास्त किमतीच्या ऑर्डरी थकल्या होत्या.

'सरकारच गोळ्या दडवतंय' हे खरं होतं का?

तुम्ही सोशल मीडियावर असाल, तर पुढे काय झालं याचा अंदाज तुम्हाला आलाच असेल. २०१३ च्या टंचाईत एक मेसेज जोरात फिरला: अमेरिकेचं गृहसुरक्षा खातं अब्जावधी गोळ्या विकत घेऊन बाजार मुद्दाम रिकामा करतंय. सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या 'जीएओ' या संस्थेने याची छाननी केली. जानेवारी २०१४ च्या अहवालात दिसलं, की खात्याची खरेदी वाढली नव्हती, उलट २००९ नंतर ती कमी होत गेली होती.

२०२० मध्ये संशयाची सुई कंपन्यांकडे वळली. त्या गुपचूप साठा करतायत, कारखाने बंद ठेवतायत, असं बोललं जाऊ लागलं. शेवटी फेडरलच्या अध्यक्षांना व्हिडिओ काढून सांगावं लागलं, की कारखाने सुरू आहेत आणि कुठलंही गुप्त गोदाम नाही.

आपल्याकडे नोव्हेंबर २०१६ मध्ये 'मीठ संपणार' अशी अफवा उठली आणि काही शहरांत लोक रांगा लावून मीठ घ्यायला लागले. मिठाची टंचाई नव्हती, पण दुकानातलं मीठ मात्र खरंच संपलं. गोळ्यांच्या बाबतीत फरक एवढाच, की मीठ माणूस किती खाणार याला मर्यादा आहे. गोळ्या वर्षानुवर्षं टिकतात, त्यामुळे साठवण्याला मर्यादाच राहत नाही.

मग युद्धाचा काय संबंध?

दोन संबंध आहेत. पहिला, रशिया. तिथली तुला आणि बर्नाऊलच्या कारखान्यांत बनणारी, पोलादी पुंगळीची काडतुसं अमेरिकेत सर्वांत स्वस्त पर्यायांपैकी होती. रशियातले विरोधी नेते अलेक्सी नवाल्नी यांच्यावरच्या विषप्रयोगानंतर अमेरिकेने निर्बंध लावले आणि ७ सप्टेंबर २०२१ पासून रशियन काडतुसांच्या आयातीला नवे परवाने देणं थांबवलं. कमी पैशांत सराव करणाऱ्यांचा मोठा आधार गेला.

दुसरा, युक्रेन. बंदुकीच्या दारूचा मुख्य घटक आहे नायट्रोसेल्युलोज. तो कापसापासून बनतो: सरकीला चिकटलेल्या आखूड तंतूंवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून. तोफगोळे डागायलाही हाच घटक लागतो. युद्धात तोफगोळ्यांची मागणी प्रचंड वाढली आणि रविवारी रेंजवर जाणारा माणूस नकळत सैन्यांच्या रांगेत मागे जाऊन उभा राहिला. २०२३ च्या अखेरीस व्हिस्टाने ग्राहकांना कळवलं, की जगभर दारूची टंचाई अपेक्षित असल्याने किमती वाढतील.

याचा रेंजवरच्या माणसावर काय परिणाम होतो?

समजा, कुणी आठवड्याला २०० गोळ्या झाडतो. २० सेंटच्या दराने खर्च होतो ४० डॉलर. ७० सेंटने तोच १४० डॉलर. महिन्याचा हिशोब १६० वरून ५६० डॉलरवर. रेंजची फी वेगळी. अशा वेळी लोक बंदूक विकत नाहीत, खेळही सोडत नाहीत. ते सराव कमी करतात.

काही जण ड्राय फायरिंग करतात, म्हणजे रिकाम्या बंदुकीने नेम धरून चाप ओढण्याचा सराव. काही जण एअर रायफलकडे वळतात. काही जण झाडलेल्या पुंगळ्या गोळा करून घरीच काडतुसं भरतात, याला रीलोडिंग म्हणतात. पण त्यालाही प्रायमर लागतोच, आणि ३० ते ४० डॉलरला मिळणारे १,००० प्रायमर २०२१ मध्ये १०० डॉलरच्या पुढे गेले होते. पॉइंट टू-टूच्या पुंगळीत तर प्रायमर वेगळा नसतोच, रसायन थेट कडेत भरलेलं असतं. ती एकदा झाडली की संपली.

सर्वांत जास्त फटका बसतो तो नव्याने शिकणाऱ्यांना. मुरलेल्या नेमबाजाकडे जुना साठा असतो, ओळखीचा दुकानदार असतो. शाळेच्या संघातून क्ले टार्गेट खेळणाऱ्या मुलीकडे यातलं काहीच नसतं. तिच्या एका फेरीत २५ तबकड्या, म्हणजे २५ काडतुसं. दिवसाला चार फेऱ्या केल्या तर १००. बिल आईवडिलांच्या खिशातून जातं.

आणि ते ८४ लाख नवे बंदूकधारी? त्यांच्या घरात बंदूक आली, पण ती नीट हाताळायला शिकण्यासाठी लागणाऱ्या गोळ्या बाजारात नव्हत्या. भीतीपोटी बंदूक घ्यायची आणि सरावाशिवाय कपाटात ठेवायची, हे खेळापेक्षा सुरक्षिततेचं नुकसान जास्त आहे. टंचाईच्या बातम्यांत किमतीचे आलेख दिसतात, हा धोका मात्र सहसा दिसत नाही.

२०२३ पर्यंत ९ एमएमचा दर पुन्हा ३० सेंटच्या खाली आला. पण लाटांचा खेळ तसाच आहे.

भारतात काय स्थिती आहे?

आपल्याकडे बंदूक घेण्यासाठी अशी झुंबड उडत नाही, कारण परवाना मिळणंच अवघड आहे. पण सरावाचं मीटर आपल्या खेळाडूंनाही चुकलेलं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं. या प्रकारात पॉइंट टू-टूची गोळी लागते आणि नुसत्या पात्रता फेरीतच ६० शॉट असतात. पदकानंतर आलेल्या बातम्यांत सांगितलं गेलं, की सुरुवातीच्या काळात एका गोळीला १२० रुपये पडायचे आणि तो प्रत्येक गोळी जपून वापरायचा.

स्पर्धेच्या दर्जाच्या या गोळ्या प्रामुख्याने ब्रिटन आणि जर्मनीतून येतात. त्यामुळे तिथला तुटवडा, रुपयाचा दर आणि आयातीची कागदपत्रं, तिन्हींचा भार खेळाडूवर पडतो. २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने नेमबाजांसाठी पॉइंट टू-टूच्या गोळ्यांची मर्यादा १,००० वरून ५,००० केली. पण जास्त गोळ्या घ्यायची परवानगी मिळाली, म्हणून त्या स्वस्त होत नाहीत.

म्हणूनच आपल्याकडे बहुतेक मुलं १० मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तुलापासून सुरुवात करतात. त्यात दारू नाही, प्रायमर नाही, फक्त शिशाचा छोटा छर्रा. तुमच्या घरात कुणी या खेळाकडे वळत असेल, तर प्रशिक्षकाला रायफलची किंमत विचारण्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा: वर्षाला किती गोळ्या लागतील, आणि त्या येणार कुठून? रायफल एकदाच घ्यावी लागते. गोळ्यांचा खर्च खेळ सुरू असेपर्यंत थांबत नाही.