मर्जी, राजी आणि रजा : दरबारी प्रणयकथेतील विषम सत्ता व संमती

राजा आणि त्याच्या आश्रयास असलेली स्त्री यांच्या प्रेमाची कथा भारतीय वाङ्मयात फार जुनी आहे. अशी कथा वाचताना वाचक बहुधा एकच प्रश्न विचारतो : या दोघांचे परस्परांवर खरे प्रेम होते काय? त्याचे उत्तर होकारार्थी आले, म्हणजे उरलेले सारे प्रश्न मिटले असे तो समजतो. वस्तुतः याहून निराळा असा दुसरा प्रश्न तेथे उभाच असतो. त्या स्त्रीला ‘नाही’ म्हणता आले असते काय, आणि म्हटले असते तर त्याची कोणती किंमत तिला मोजावी लागली असती? पहिला प्रश्न भावनेचा आहे, दुसरा सत्तेचा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याच्या जागी चालत नाही, हे बाजीराव-मस्तानीच्या कथेच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभी शब्दांचा विचार करणे सोयीचे होईल. संमतीचा भाव व्यक्त करणारे तीन शब्द मराठीने फारसीच्या द्वारे अरबीतून घेतले : मर्जी, राजी आणि रजा. तिन्ही शब्द एकाच धातूपासून सिद्ध झालेले असून ‘संतुष्ट असणे, पसंत असणे’ हा त्या धातूचा मूळ अर्थ होय. मराठीत आल्यावर मात्र या भावंडांची वाटणी दर्जाप्रमाणे झालेली दिसते. मर्जी ही प्राधान्याने वरिष्ठाची. ती राखावी लागते, सांभाळावी लागते. ती खप्पा होते. माणूस वरिष्ठाच्या मर्जीत असतो किंवा मर्जीतून उतरतो. राजी होतो तो कनिष्ठ. पुष्कळदा तो आपण होऊन राजी होत नाही, त्याला राजी केले जाते. रजा ही तर मागावयाची आणि मिळावयाची वस्तू. ती मागणारा खाली असतो, देणारा वर असतो. समान दर्जाच्या माणसांतही ‘तुझी मर्जी’ असे म्हटले जाते हे खरे. तथापि त्या प्रयोगात थोडा उपरोध किंवा हात झटकण्याचा भाव बहुधा असतोच. तात्पर्य, ज्या भाषेत दरबारचा व्यवहार चालला त्या भाषेने एकाच संतोषाचे वरचा आणि खालचा असे भाग पाडून ठेवले होते.

येथे एक आक्षेप संभवतो. संमतीची कल्पना आधुनिक आहे, ती अठराव्या शतकावर लादणे हा कालविपर्यास नव्हे काय? या आक्षेपाला ‘राजीनामा’ हा शब्दच उत्तर देतो. आज त्याचा अर्थ अधिकारपद सोडल्याचे पत्र असा आहे. परंतु पेशवेकालीन न्यायव्यवहारात वादी-प्रतिवादी पंचांचा निवाडा आपणांस मान्य राहील असे जे लेखी कबूल करीत, त्या कागदास राजीनामा म्हणत. म्हणजे दोन्ही पक्षांची स्वेच्छा स्पष्ट शब्दांत घेतली पाहिजे, तिच्यावाचून निर्णय बंधनकारक होऊ नये, ही जाणीव त्या काळास होती. याच काळी कुणबिणींची खरेदी-विक्री होत होती आणि त्या भेट म्हणूनही दिल्या जात होत्या. संमती त्या काळास ठाऊक नव्हती असे नव्हे. ती कोणाकडून घ्यावयाची आणि कोणाकडून घेण्याचे कारण नाही, याच्या मर्यादा ठरलेल्या होत्या.

आता मस्तानीकडे वळता येईल. १७२९ साली महंमदखान बंगषाच्या वेढ्यातून छत्रसालाची जैतपूर येथे सुटका करण्यास बाजीराव गेले, आणि या प्रसंगाशी मस्तानीचे आगमन परंपरेने जोडले आहे. तिच्या जन्माविषयीच्या कथा परस्परविरोधी आहेत. कोणी तिला छत्रसालाची कन्या म्हणतात, कोणी दरबारची कलावंतीण. १७३४ च्या सुमारास तिला मुलगा झाला. तोच पुढे समशेरबहाद्दर म्हणून प्रसिद्धीस आला आणि १७६१ मध्ये पानिपतच्या युद्धात झालेल्या जखमांनी मरण पावला. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदातीरी रावेरखेडी येथे बाजीरावांचा अंत झाला. त्यानंतर लवकरच मस्तानीही मरण पावली. तिची कबर पाबळ येथे आहे.

या चरित्राचा सारांश मराठीत सांगू लागताच एक व्याकरणविशेष नजरेत भरतो. छत्रसालाने मस्तानी दिली. बाजीरावांनी ती पुण्यास आणली. घरच्यांनी ती अटकेत ठेवली. हे सर्व कर्मणी प्रयोग होत. कर्ता तृतीयेत आहे आणि क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. प्रत्येक क्रियापदाच्या शेवटचा ‘ली’ मस्तानीचा आहे, पण क्रिया एकही तिची नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. इतिहासलेखनात ‘काशीबाई होत्या’ असे आदरार्थी बहुवचन सहज येते. मस्तानीच्या वाट्यास बहुधा ‘होती’ हे एकवचन येते. यात सगळ्याच लेखकांच्या मनात अनादर असतो असे नव्हे. विवाहिता आणि ‘ठेवलेली’ यांतील भेद भाषेने आधीच करून ठेवलेला असतो आणि लेखक नकळत त्याच्यामागून जातो.

तरीही तिच्या चरित्रात कर्तरी प्रयोगाचा एक प्रसंग आहे आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. ठाण्याचा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांच्या हाती आला आणि १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली. त्या मोहिमेचे सूत्रधार चिमाजीअप्पा ठाणे परिसरात सुपरिचित आहेत. त्याच चिमाजीअप्पांनी व नानासाहेबांनी वसईच्या विजयानंतर काही महिन्यांतच मस्तानीस बाजीरावांपासून दूर ठेवण्याचा प्रयत्न चालविला. १७३९ च्या अखेरीस ती पहारा चुकवून बाजीरावांकडे पाटस येथे निघून गेली. तिला परत पाठविण्यात आले, आणि १७४० च्या प्रारंभी बाजीराव नासिरजंगावरील मोहिमेत गुंतले असताना तिला अटकेत ठेवण्यात आले. तिच्यावर अशी बळजबरी करणे छत्रपती शाहूंना पसंत नव्हते, असे त्या वेळच्या पत्रव्यवहारावरून दिसते. मात्र हा पत्रव्यवहार तिच्याविषयीचा आहे. तिचे काय करावे हे त्यात पुरुष पुरुषांस कळवितात.

पाटसच्या या प्रसंगावरून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हे नेमके सांगितले पाहिजे. शिक्षा होण्याचा संभव असताना केलेली कृती हा इच्छेचा बळकट पुरावा होय. म्हणून १७३९ मध्ये बाजीरावांजवळ राहण्याची मस्तानीची इच्छा होती, असे मानण्यास आधार आहे. परंतु हा पुरावा १७३९ चा आहे. दहा वर्षांपूर्वी ती बुंदेलखंडातून निघाली, तेव्हा तिला राहण्याची मुभा होती की नव्हती, याविषयी त्यावरून काहीच ठरत नाही. नंतरच्या प्रेमाने आधीची संमती मागील तारखेने लिहून देता येत नाही. शिवाय तिच्यावरील सत्ता एकट्या बाजीरावांची नव्हती. ज्या पुरुषाशी तिचे नाते होते त्याची सत्ता आणि त्याच्या कुटुंबाची सत्ता अशा दोन सत्तांच्या मध्ये ती होती. यांपैकी दुसरीला तिने दिलेला नकार इतिहासात दिसतो. पहिलीला नकार देण्याचा प्रसंग आला होता काय, हे दिसत नाही.

ही अडचण दूर करण्याची एक जुनी युक्ती प्रणयकथाकारांजवळ आहे. ती म्हणजे नायिकेचा दर्जा वाढविणे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त विदर्भाची राजकन्या मालविका विदिशेच्या राणी धारिणीची परिचारिका होऊन राहते. राजाचे मन तिच्यावर जडते तेव्हा तिला तळघरात कोंडले जाते. ती राजकन्या असल्याचे उघड होताच सारा विरोध मावळतो आणि धारिणी स्वतः तिला राजाच्या हाती देते. मालविकेचे प्रेम नाटकात निःसंशय आहे. पण तिची मुक्तता तिच्या शब्दाने होत नाही, कुळाने होते. आणि शेवटीही ती ‘दिली’च जाते. मस्तानीच्या कथेचा आधुनिक विकास याच दिशेने झाला आहे. ना. सं. इनामदार यांच्या ‘राऊ’ (१९७२) या कादंबरीवर आधारलेल्या २०१५ च्या हिंदी चित्रपटात ती शस्त्र चालविणारी राजकन्या आहे आणि स्वतः होऊन पुण्यास येते. प्रेक्षकाला यामुळे समाधान वाटते. परंतु राजकन्या नसती तर तिच्या होकाराचे काय, हा प्रश्न त्या समाधानाखाली झाकला जातो.

मांगा या जपानी चित्रकथाप्रकारात हाच प्रश्न निराळ्या रीतीने हाताळलेला आढळतो. फुमी योशिनागा यांची ‘ओओकू’ ही दीर्घ चित्रकथा २००४ ते २०२० या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. तीत एका साथीने बहुतेक तरुण पुरुष मरण पावतात, शोगुनपद स्त्रियांकडे जाते आणि अंतःपुरात पुरुष ठेवले जातात. आरिकोतो हा कुलीन भिक्षू तेथे स्वेच्छेने येत नाही; त्याच्या सोबत्याचा वध करून त्याला व्रत सोडावयास लावले जाते. पुढे स्त्री-शोगुनवर त्याचे खरोखर प्रेम जडते. लेखिका ते प्रेम खोटे ठरवीत नाही आणि त्या प्रेमाखातर पहिली बळजबरीही पुसून टाकीत नाही. स्त्री-पुरुषांच्या जागा बदलूनही अंतःपुर अंतःपुरच राहते, यावरून प्रश्नाचे मूळ लिंगात नसून नकार अशक्य करणाऱ्या रचनेत आहे, हे स्पष्ट होते.

हा विचार वाङ्मयापुरता मर्यादित नाही. १९७२ मध्ये विदर्भातील देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात असहायपणे सोसणे आणि संमती देणे यांत भेद आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मानले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपी पोलिसांना निर्दोष ठरविले. त्याविरुद्ध १९७९ मध्ये उपेन्द्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी खुले पत्र लिहिले, देशभर चळवळ झाली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. अधिकाराच्या स्थानाचा गैरफायदा घेऊन ठेवलेला संबंध हा तेव्हापासून स्वतंत्र गुन्हा ठरला. ज्या समाजाला कथेतील स्त्रीचे मौन हे रुकार म्हणून वाचण्याची सवय आहे, तो न्यायालयातील मौनही तसेच वाचण्याचा संभव असतो.

दरबारी प्रणयकथा त्याज्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. तिचे वाचन करताना तीन गोष्टी पाहाव्यात, इतकेच. संमतीचे शब्द कोणाच्या तोंडी आहेत; नकाराची किंमत काय होती; आणि प्रेमाचा जो पुरावा दिला जातो तो कोणत्या काळचा आहे. मस्तानीच्या बाबतीत तिसऱ्याचे उत्तर पाटसपाशी मिळते, दुसऱ्याचे तिच्या अटकेत मिळते. पहिल्याचे उत्तर शोधू लागले की तिच्याविषयी इतरांनी लिहिलेले कागद तेवढे हाती येतात.