न दिसणाऱ्या झाडांच्या सावल्या

पॅरिसजवळील पाँत्वाज गांवाहून एन्नरी या खेड्याकडे जाणाऱ्या जुन्या वाटेचें एक चित्र कामीय पिसारो या चित्रकारानें १८७३ सालीं काढलें. ‘पांढरें दंव’ हें त्याचें नांव. हल्लीं तें पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयांत आहे.

त्यांत पाहण्यासारखें काय, असें वाचक विचारतील तर प्रथमदर्शनीं फारसें कांहींच नाहीं! नांगरलेलें शेत, चढावाची वाट, पाठीवर मोळी घेऊन काठी टेकीत चाललेला शेतकरी आणि वर आकाशाची अरुंद पट्टी. ना देवालय, ना राजवाडा. रात्रीं दंव गोठून जमिनीवर पांढरा थर बसला आहे. महाबळेश्वरीं वेण्णा तलावाकांठीं ज्यांनीं असे हिमकण पाहिले असतील त्यांस तो तत्काळ ओळखूं येईल. सकाळच्या उन्हांत तो कोठें पिवळसर, कोठें हिरवट दिसतो, आणि नांगराच्या तासांवरून लांब, निळसर सावल्या आडव्या पडल्या आहेत.

मौज ही कीं, ज्या झाडांच्या या सावल्या तीं झाडें चित्रांत नाहींतच!

१८७४ च्या एप्रिलांत छायाचित्रकार नादार याच्या जुन्या चित्रशाळेंत कांहीं चित्रकारांनीं स्वतंत्र प्रदर्शन भरविलें, त्यांत हें चित्र होतें. कास्तान्यारी हा टीकाकार वस्तुतः त्यांस अनुकूल. पण चौकटीबाहेरील झाडांच्या सावल्या काढणें ही त्यानें घोडचूक ठरविली. लुई लरुआ यानें तर विनोदी लेखांत एका जुन्या वळणाच्या चित्रकारास या चित्रापुढें चष्मा पुसावयास लाविलें. ‘इंप्रेशनिस्ट’ हें नांव रूढ झालें तें याच लेखांतील थट्टेमुळें.

आम्हांस हा आक्षेप पटत नाहीं. शेजारच्या माडाची सावली सकाळीं आपल्या अंगणांत पडते. माड दिसत नाहीं म्हणून ती खोटी काय? उलट या सावल्यांमुळेंच तें शेत चौकटीपाशीं संपत नाहीं. पाहणारा त्या झाडांतच कोठें तरी उभा राहतो.

प्रदर्शन १५ एप्रिलला उघडलें. त्यापूर्वीं थोडेच दिवस पिसारोची मुलगी झान वारली होती. तिला नऊ वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. सरकारी प्रदर्शनाची वाट धरावी, असा सल्ला स्नेही द्यूरे यानें आधींच दिला होता. संसारी माणसास तो व्यवहाराचाच वाटावा. पिसारोनें तो मानिला नाहीं. १८८६ पर्यंत या मंडळींचीं आठ प्रदर्शनें झालीं. मोने, रन्वार, सिस्ले मधून मधून गळले. आठांतही चित्रें ठेवणारा पिसारो एकटाच.